श्रावणातला खून आणि म्हात्रेकाकूंचा नारळ

आमच्या घरात झालेल्या एका खुनाला शेजारणींनी नारळ, केळी आणि साखरफुटाणे वाहिले. वाचायला मी बसले होते, त्यामुळे ओटीही माझीच भरली गेली.

आम्ही बदलापूरला शिरगावात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. घरात मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. आईंना रहस्यकथांचं भयंकर वेड. लायब्ररीतून पुस्तक आणायचं, ओटीत आलेल्या लाल ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून ठेवायचं (दुसऱ्याचं पुस्तक, तेलकट हात लागायला नकोत!) आणि दुपारची जेवणं झाली की एखादा खून उरकूनच आडवं व्हायचं. मीही एके काळी अशीच होते. विठ्ठलवाडीला माहेरच्या चाळीत भेळ संपली की मी कागद वाचायचे. खरं सांगायचं तर भेळ संपायच्या आधीच वाचायचे. पण पुढे लग्न झालं, अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं, मग हातात मोबाइल आला आणि वाचन जे सुटलं ते सुटलंच. गेल्या कित्येक वर्षांत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली एकच गोष्ट म्हणजे नव्या कुकरचं माहितीपत्रक. तेही शिट्टी होईना म्हणून!

ऐन श्रावणात आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, वाकायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही आणि काही दिवस वाचायचं तर मुळीच नाही. बाकी सगळं आईंनी ऐकलं. वाचायचं नाही म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा पडला, की डॉक्टरच घाबरले.

कारण पुस्तक अर्ध्यावर होतं. त्यातल्या दादासाहेब नावाच्या श्रीमंत माणसाला कोणीतरी दुधातून विष दिलं होतं आणि खुनी घरात रोज येणाऱ्याजाणाऱ्यांपैकीच होता.

दुसऱ्याच दिवशी मी आईंना रंगेहाथ पकडलं. काळा चष्मा कपाळावर, पुस्तक नाकाला टेकवलेलं!

"अहो आई! डोळा जाईल ना!"

"जाऊ दे. एक आहे की दुसरा."

"दुसऱ्यातही मोतीबिंदूच आहे!"

संध्याकाळी हे म्हणाले, "आई काही ऐकायची नाही. डोळा वाचवायचा असेल तर तूच वाचून दाखव. सुट्टी घेतलीच आहेस."

हे म्हणजे मला विहिरीत ढकलून 'पोह' म्हणण्यासारखं होतं. पण सासूचा डोळा गेला तर दोष कोणाच्या माथी? सुनेच्या! बसले बाई वाचायला.

पहिलं पान संपायच्या आत आई म्हणाल्या, "शुभा, खून झालाय गं त्याचा. तू लाईट बिल वाचल्यासारखं काय वाचतेस? जरा सुरात वाच."

आता मला सूर येतो एकच. माझी आई श्रावणात पोथी वाचायची तो! मी तोच लावला. आणि काय सांगू, दादासाहेब असे काही भराभर मरायला लागले! जीभ सुटली, अडखळणं गेलं, पान कधी उलटलं ते कळेना. गॅसवरची आमटी आटून गेली तरी मी आपली 'आणि दाराआड ती सावली उभी' करत डुलत होते.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकू दारात उभ्या! श्रावणातली दुपार, पोथीचा सूर, पाटावर लाल कपड्यावर ठेवलेलं जाडं पुस्तक. काकूंनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि कोपऱ्यात हात जोडून बसल्या.

इथेच मी सांगायला हवं होतं. पण पोथी चालू असताना मध्ये बोलायचं नाही, वाचणाऱ्यानंही नाही आणि ऐकणाऱ्यानंही नाही, हे इतकं अंगात मुरलेलं, की काकू मला विचारेनात आणि मी काकूंना सांगेना. शिवाय (कबूल करते) नेमकी दादासाहेबांची धाकटी बायको जिन्यावरून ढकलली जाणार होती. अशा वेळी थांबणार कोण?

प्रकरण संपल्यावर काकू वाकून पुस्तकाच्या पाया पडल्या. "गो बाय, पोथी लावलीस न् आमाला सांगला पन नाय?" एवढं बोलून, माझं उत्तर न ऐकता, त्या नारळ आणायला गेल्या.

"आई, आता काय करायचं?"

आई काळ्या चष्म्याआडून शांतपणे म्हणाल्या, "उद्या वेळेवर बस."

दुसऱ्या दिवशी काकूंनी समोरच्या सपनाभाभींना आणलं. भाभी सिंधी, उल्हासनगरहून आमच्या बिल्डिंगमध्ये आलेल्या. "मैं भी बैठू ना? मला पण पुण्य भेटेल," म्हणत बसल्या आणि वर हळूच म्हणाल्या, "आज मी उपवास ठेवलाय." त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरच्या बायका आल्या. आता माझी खरी परीक्षा सुरू झाली. पोथीत मोटार कशी येणार? मी मोटारीचा रथ केला. डॉक्टरांचे वैद्यराज झाले. इन्स्पेक्टरांना मी कोतवाल करून टाकलं. पिस्तुलाला 'शस्त्र' म्हणून भागलं. पण मधेच गोष्टीतला टेलिफोन वाजला!

"तेव्हा आकाशवाणी जाहली," मी डोळे मिटून सूर लावला. "आकाशवाणी म्हणाली... राँग नंबर."

आईंचे खांदे गदागदा हलायला लागले. "डोळ्यात काहीतरी गेलं गं," म्हणून त्यांनी तोंडावर पदर घेतला. बायकांनी मात्र भक्तिभावानं माना डोलवल्या.

चौथ्या दिवशी काकू धावतच वर आल्या. "पोथीचा गुन आला गो! माज्या पोराला पोरीकडना होकार आला!" झालं! आता तर बायका चहासुद्धा न घेता येऊन बसायला लागल्या. रात्री मी ह्यांना म्हणाले, "मला पाप लागणार." हे म्हणाले, "मग थांबव." मी म्हणाले, "वा! आणि खुनी कोण ते?"

शेवटच्या प्रकरणाला सगळ्यांनी मिळून समाप्ती ठरवली. शिरा झाला, समई लागली, नारळ फुटला. मी वाचायला बसले. कोतवालांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं.

नेमके त्या दिवशी आमचे हे लवकर घरी आले. समाप्तीचं त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यांना दारात चपलांचा ढीग दिसला. आत बायका पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या. समई जळतेय. आई कुठे दिसत नाहीत (त्या बायकांच्या मागे होत्या). आणि माझ्या तोंडी त्याच क्षणी वाक्य आलं, "त्यांचे प्राण तर सकाळीच गेले होते."

"आई गं!" म्हणून ह्यांनी दारातच हंबरडा फोडला. हातातली भाजीची पिशवी पडली, कांदे समईपर्यंत गडगडत आले.

"अरे मेल्या, ओरडू नकोस!" मागून आई कडाडल्या. "जिवंत आहे मी! गप बस, खुनी सापडतोय!"

संपलं! इतके दिवस झाकलेली मूठ आईंनीच उघडली. मी पुस्तक मिटलं, हात जोडले. "काकू, माफ करा. ही पोथी नाही."

म्हात्रेकाकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच विष घातलं होतं. "मंग आमाला काय येडी समजलीस? आकाशवानी राँग नंबर बोलली तवाच समजला! तू वाच. कोनी मारला दादासाहेबाला?"

"पण मग तो नारळ? ती ओटी?"

"अगो, तू येवढी जीव लावून वाचतेस, तुला रिकाम्या हातानी कशी ठेवायची? न् माज्या पोराला होकार आला, तो तुज्या सुराचाच गुन!"

"हाय रे!" सपनाभाभी उठून उभ्या राहिल्या. "किसीने मुझे बताया नहीं! माझे चार उपवास वाया गेले!"

आम्ही सगळ्या इतक्या हसलो, की आईंच्या डोळ्याची मला भीती वाटायला लागली. मग मी वैद्यराजांना पुन्हा डॉक्टर केलं आणि शेवटचं पान धडधडीत गद्यात वाचलं. खुनी डॉक्टरच निघाला. पुढच्या तपासणीला आई उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे फार संशयानं बघत होत्या, पण डोळा मात्र अगदी लख्ख बरा झाला.

इतका लख्ख, की आता त्यांना माझी गरज उरली नाही म्हणून माझंच तोंड उतरलं. ते आईंनी बरोबर हेरलं. "अजून जरा धूसरच दिसतं गं, तूच वाच," म्हणत त्यांनी नवं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी वाचायला लागले. दोन परिच्छेद झाले असतील, तर शेजारून आवाज आला, "वरची एक ओळ गाळलीस."

मला भरून आलं. विठ्ठलवाडीच्या चाळीत भेळेचा कागद वाचत बसलेली पोरगी या बाईनं मला परत आणून दिली, आणि वर स्वतःच्या डोळ्याला नाव ठेवून. असं ऋण कसं फेडतात, मला माहीत नाही.

आता मी कामावर जाते, त्यामुळे वाचन फक्त रविवारी होतं. आईंचा दुसरा मोतीबिंदू अजून पिकायचाय. पिकला की ऑपरेशन, ऑपरेशन झालं की मला सुट्टी! पाच जाडजूड खून मी आत्ताच हेरून ठेवलेत. सासूचा मोतीबिंदू पिकावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली सून अख्ख्या बदलापुरात माझ्याशिवाय दुसरी सापडायची नाही!