खळीचे हात

मुलीच्या प्रोजेक्टसाठी बायको मैद्याची खळ शिजवते, तेव्हा त्या वासाने मला घरात बसवत नाही. पावणे गावातल्या केमिकल कंपनीत आमचा संप चालू होता तेव्हाची गोष्ट. आमचा पुढारी खाडीकाठच्या गावातला, सगळे त्याला दादा म्हणायचे. दूर कुठल्याशा देशात मोर्चे काढणारा, तुरुंगात सडलेला एक माणूस राष्ट्राध्यक्ष झाला होता, आणि दादाला त्याचं भारी वेड. पेपरातला त्याचा शपथ घेतानाचा फोटो दादाने कापून आणला आणि मी हातानेच खळ फासून कंपनीच्या गेटवर चिकटवला. "जेलात याची बोटं मोडली व्हती," दादा म्हणाला, "आन बघ, त्याच हातानं शपथ घेतो." तेवढ्यात मालकाची माणसं सळया घेऊन आली. "कोणी लावला हा?" माझे हात खळीने ओले होते, ते मी पँटच्या खिशात घातले. दादा म्हणाला, "मी." त्याचे हात कोरडे होते, पण ते बघायला कोण थांबतंय? दोघांनी त्याचा उजवा पंजा फोटोवरच दाबून धरला आणि तिसरा सळई मारत राहिला. पत्र्याचं गेट दणादण वाजत होतं, रक्त त्या राष्ट्राध्यक्षाच्या तोंडावरून ओघळत होतं, आणि माझ्या खिशात खळ वाळून कापड बोटांना चिकटत होतं. परवा दादा बाजारात भेटला. वाकडी बोटं पुढे करून हसत म्हणाला, "बोटं तर माझी पन मोडली. आता राष्ट्राध्यक्ष कदी व्हनार?" मला खिशातून हात काढता येईना.