भिंतीवरची बोटं

आधी बोट दिसायचं, मग माणूस. मी अंगणात उभा राहून "ताप कुणाला?" असं ओरडलो की पडवीच्या अंधारातून डाव्या हाताचं एक बोट पुढं यायचं आणि पाठोपाठ आवाज, "इचारू नको भाऊ, बोट ले."

मी तेव्हा मलेरियाचा कामगार होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत सुई, काचपट्ट्या आणि गोळ्यांचा डबा. तापीकाठच्या आठ-दहा गावांत दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरायचं, ज्याला ताप असेल त्याच्या बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं, चार गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. असा सरकारी पाहुणा तुम्हीही पाहिला असेल. कुत्री सोडली तर त्याची कुणी दखल घेत नाही. ज्या पडवीतून ते बोट यायचं त्या घरची भाभी मात्र माझी वाट बघायची.

तिचं नाव सांगत नाही. शेतकऱ्याच्या घरची सून, तिशीच्या आतली. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाल चट्टा, बोटांचे सांधे सुजलेले. हा महारोगच, अशी गावात कुजबुज होती. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवत, पण तिच्या हातात चहाचा कप द्यायची वेळ आली की घुटमळत. म्हणून ही घरून स्वतःची वाटी घेऊन जायची आणि सगळ्यांदेखत पुढं करायची. "मन्ही वाटी मन्हा हातमा. भेऊ नका." असं म्हणून स्वतःच हसायची. बाकीच्यांना हसावं की नाही ते कळत नसे.

एकदा तिनं मला धुळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचायला दिली. चिठ्ठीवर रोगाचं नाव होतं, लुपस. मी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली.

"तुले बी नही समजनं ना?" ती म्हणाली.

नाही समजलं, हे मी कबूल केलं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं मात्र तिच्या पक्कं ध्यानात होतं. हा रोग जायचा नाही, पण सांभाळला तर माणूस जगतं. उन्हात जायचं नाही, दमायचं नाही आणि रोज एक गोळी घ्यायची. ती गोळी म्हणजे माझ्या डब्यातलीच. मलेरियाची गोळी या रोगालाही लागू पडते हे मला माझ्या साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं, ते या बाईनं सांगितलं. धुळ्याहून आणलेल्या गोळ्या संपल्या होत्या आणि तिला पुन्हा धुळ्याला न्यायचं घरात कुणाच्या मनात नव्हतं.

तिला बारीक ताप बहुतेक वेळा असायचाच. नसला तर मी यायच्या आधी ती चुलीपुढं बसून राहायची. "दख, अंग कितलं तपेल शे." मी म्हणायचो, "भाभी, हा चुलीचा ताप." मग दोघंही हसायचो आणि मी सुई काढायचो. नियमानं ताप पाहिजे होता, तो कुठून आला हे नियमात नव्हतं.

त्या चार गोळ्या ती सुपारीच्या अडकित्त्यानं कातरून आठ करायची. "आठ दिन गोईना, सात दिन तुन्ही वाट दखाना." आठ दिवस गोळीचे, सात वाट बघण्याचे, हे गणित कुठल्या डॉक्टरला पटलं असतं कोण जाणे. पण तेवढ्यावर ती उभी होती, हे मी तीन वर्षं बघितलं.

तिचा सगळा दिवस उन्हाच्या धाकानं आखलेला होता. पाणी भरायचं ते तांबडं फुटायच्या आत. कापूस वेचायचा तो नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा लुगड्यावर चढवून, तोंडाला फडकं बांधून, आणि ऊन बांधावर आलं की सरळ घरी. गावातली पोरं तिला बुजगावणं म्हणत. दुपारी ती निंबाच्या सावलीत धान्य पाखडत बसायची. सावली सरकली की सूप उचलून ही तिच्या मागं. "सावली मन्ही मालकीन शे भाऊ. ती सांगी तठे बसनं."

"कसं आहे, भाभी?" या प्रश्नाला तिचं ठरलेलं उत्तर होतं. "आज बरं शे. सकायनं सकाय दखू." उद्याचं उद्या बघू, एवढाच त्याचा अर्थ. फार लांबचं ती मागत नसे. फक्त एकदा, सहा वर्षांच्या लेकीची वेणी घालता घालता म्हणाली, "हाई पोर भाकर थापाले शिकनी म्हंजे बस."

आता माझी चूक सांगतो. तपासणीचा निकाल आला की मी दारात उभा राहून मोठ्यानं सांगायचो, "भाभी, रक्त साफ आहे!" मला वाटे, मी चांगली बातमी देतोय. ओट्यावर बसलेली सासू ते दर खेपेला ऐकायची. मलेरियाच्या काचेवर मलेरियाच दिसतो, दुसरं काही दिसत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. तिनं एवढंच धरलं की सरकारनं तपासलं आणि सुनेला काही झालेलं नाही. एकदा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "रगत साफ शे, मंग उनमा जावाले काय व्हस?"

भाभीनं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी भिंतीवर तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेलो.

पुढच्या वर्षी आमचा भाग मलेरियातून मुक्त झाला. चावडीवर नारळ फुटला, साहेबांनी माझी पाठ थोपटली, गावानं गूळ वाटला. गोळ्यांचा उरलेला अर्धा डबा परत करायचा होता आणि माझी बदली धडगावकडच्या डोंगरात झाली होती. तिच्या दारात गेलो तर सवयीनं बोट पुढं आलं. मी सुई काढली नाही.

"म्हंजे आते गोया बंद?"

"गावातला ताप गेला ना, भाभी."

"गावना गया. मन्हा गया नही."

डबा माझ्या पिशवीत होता. मूठभर गोळ्या काढून दिल्या असत्या तर आभाळ कोसळलं नसतं. पण मी हिशेबाचा चोख म्हणून नावाजलेला माणूस. "डोंगरातून पाठवतो," असं म्हणालो. तिनं बोट हळूच पदराखाली घेतलं.

पाठवल्या नाहीत. डोंगरात पावसानं वाटा बंद झाल्या हे खरं, पण मी विसरलो हे जास्त खरं. दिवाळी होऊन दीड महिना उलटल्यावर एका पाड्यावर एका म्हातारीनं मी विचारायच्या आत बोट पुढं केलं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. लाकडाच्या ट्रकनं तळोद्याला उतरलो, तिथून मोटारीनं पुढं. खिशात कागदाच्या पुडीत साठ गोळ्या होत्या.

नवरा ओट्यावर एकटाच होता. मला बघून उठला.

"ती गयी, भाऊ. महिना व्हई गया." कापसाच्या वेचणीला दिवसभर उन्हात होती, तो सांगत होता. मग अंग सुजलं, लघवी बंद झाली. आईपुढं आपण बोललो नाही, असं तो दोनदा म्हणाला. मीही बोललो नव्हतो.

सगळं घर दिवाळीला चुन्यानं पांढरं केलेलं होतं. दाराशेजारची माझी चौकट तेवढी तशीच ठेवली होती. माझ्या शेवटच्या तारखेखाली गेरूनं उठवलेली बोटं होती, एकाखाली एक. पंधरा दिवस झाले की ती एक बोट उठवायची, नवरा म्हणाला. पहिली पाच ठसठशीत होती. पुढची दोन फिकट, जमिनीपासून हातभर उंचीवर, निजल्या जागेवरून पोचतील अशी.

सर्वांत खालचं बोट लहान होतं.

"तिन्हा हात उचलाये ना," नवरा म्हणाला. "मंग पोरले सांगं, तू लाव. भाऊ परत उना तं त्याले समजाले पाहिजे, आठे घरमा ताप शे."