दुसऱ्या घरातलं विरजण

१४ जून. जांभळं कुस्करून साखरेत घालायचं काम काढलं होतं. दोन दिवसांनी रस गाळायचा, त्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचा, की थंड पाण्यातून प्यायचं सरबत तयार. हात मनगटापर्यंत जांभळे झाले असताना शेजारच्या भिंतीवर काहीतरी आदळलं. मग बाईचं ओरडणं. मग काहीच नाही. मला सिरकेवाली मावशी आठवली.

मावशी जांभळं कुस्करायची नाही, हाणायची. परातीत मुठी आपटत म्हणायची, "हे त्याचं नाक. हा जबडा." नवऱ्याचं नाव मात्र कधी घ्यायची नाही.

पूर्वी अंकुशनगरला तिची नि माझी खोली लागून होती. ती उसाच्या रसाचा सिरका करायची. "आधी रसाची दारू होती, मंग दारूचा सिरका. मधात झाकण उघडलं की सत्यानाश." तिच्या नवऱ्याला, ट्रॅक्टर चालवणाऱ्या दादारावला, नेमका तो मधलाच रस हवा असायचा. बरणीला कान लावून फसफस ऐकायचा आणि तोंड लावायचा. मावशी आडवी आली की ट्रॅक्टरचा पट्टा काढायचा. फुटलेल्या भुवईला हळद दाबत ती म्हणायची, "तोंड लावाया बरणी, अन् हात लावाया मी."

सिरक्यावर जाड साय धरते, तेच त्याचं विरजण. तिचं विरजण तिच्या आईकडचं. "समदं एका घरात ठेवू न्हाई," म्हणत तिनं मी तिथं नवी असतानाच माझ्याकडे एक बरणी दिली होती. "दाखव गं, जित्तं हाय का?" म्हणून यायची आणि तासभर हलायची नाही.

एका दुपारी दादाराव आला तेव्हा बरणी फसफसत होती. मावशी तिला कवटाळून बसली. त्यानं वरवंटा उचलला. बरणी आणि मावशीचा उजवा हात एकदमच फुटले. मी धावत दारात पोचले तोवर तो फळीवरच्या बरण्या एकेक करून फोडत होता. आंबट वास, काचा, रक्त. वरवंटा टाकून तो शेवटच्या बरणीतलं प्यायला वाकला. मावशीनं डाव्या हातानं वरवंटा उचलला आणि बरणीसकट त्याच्या बोटांवर घातला. हाडांचा आवाज मला दारात ऐकू आला.

"आता धर गिलास," ती म्हणाली.

मी तिला आमच्या खोलीत ओढलं आणि तिच्या हाताला लाटणं बांधलं. बाहेर दादाराव बोंबलत होता, "भाईर निघ! जीव घेतो तुहा!" मी विळा घेऊन दारात उभी राहिले. "भाऊ, एकच हात राह्यलाय तुमचा. इच्यार करा." तो ओट्यावरच बसला आणि रडायला लागला. मला दया आली नाही.

तिच्या बरण्यांतली एकही साय वाचली नव्हती. माझ्या बरणीतली अर्धी काढून दिली. ती मांडीवर घेऊन मावशी जीपमध्ये बसली, पिंपळगाव रेणुकाईला बहिणीकडे. "तुह्यातलं बी कुणाकडं ठेव. जल्दी ठेव," एवढंच बोलली.

हात वाकडा जुळला. त्याच हातानं पुढे कितीतरी वर्षं ती जांभळं हाणत राहिली. गेल्या हिवाळ्यात गेली. तापानं गेली, मारानं नाही.

१५ जून. सकाळी मी माझ्याकडची साय अर्धी केली, बरणीत घातली आणि शेजारचं दार वाजवलं. त्या घरची नवी सून दारात आली. ओठ सुजलेला. नवरा आत चहा पीत होता. त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे तुझ्याकडे ठेव. जिवंत आहे का ते बघायला मी रोज येणार आहे."