लिंडनरचं मूळ गाव

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! माणसाचं नुसतं आडनाव ऐकलं की मूळ गाव हातावर काढून ठेवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, तेही तिसऱ्या खेपेला, आणि सांगितलेली निम्मी गावं चुकतात. पण सांगतो मात्र छातीठोक.

तर इथं लंडनात ईलिंगला आमच्या शेजारी वॉल्टर लिंडनर राहतो. वय एक्याऐंशी. बायको गेली, मूलबाळ नाही. त्याचा खापरपणजा जर्मनीतून निघाला, घड्याळं दुरुस्त करत करत इंग्लंडच्या हल बंदरात उतरला, तिथून लंडनला. पुढे जर्मनीशी लढाई जुंपली तेव्हा लोकांनी दुकानाच्या काचा फोडल्या, तरी घराण्यानं आडनाव बदललं नाही. आता ते लावणारा हा एकटाच. डोळे मिटायच्या आत आपल्या नावाचं एक तरी माणूस बघायचंय, एवढंच त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? मी पिंपळगावकर, म्हणजे पिंपळगावचा. तू लिंडनर, म्हणजे लिंडनचा. तुमचा 'अर' तोच आमचा 'कर'! सुनेच्या आयपॅडवर नकाशा काढला, तर लिंडन नावाची गावं ढीगभर. त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि ठरवून टाकलं. त्यात लिंडन हे झाडाचं नाव निघालं. म्हणजे त्याचंही गाव झाडावरून, माझंही! अंगावर काटा आला हो. पाच मिनिटं थट्टा करायचं विसरलो.

मग आठवलं. त्याला सांगितलं, भाऊबंदांकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, बिस्किटांचे डबे ने. चौकात उभं राहायचं, आडनाव खणखणीत सांगायचं, अर्धं गाव गळ्यात पडेल. सून म्हणाली, "बाबा, प्लीज, ते सीरियसली घेतील."

घेतलंच की! म्हातारा शॉर्टब्रेडचे सहा डबे घेऊन विमानात बसला.

चार दिवसांनी आमच्या किचनमध्ये येऊन बसला. चहाला हात लावेना. चौकात नाव सांगितलं, तर एक कुत्रं आलं म्हणे. मग कबरस्तानात जाऊन संध्याकाळपर्यंत कबरींवरचा एकेक दगड वाचला. एकही लिंडनर नाही. गावच्या कचेरीतली बाई म्हणाली, ह्या नावाचं इथं कधी कुणी नव्हतंच.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अरे वॉल्टर, नसणारच! गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारेल? तिथं सगळेच लिंडनचे. तुझा कुणी मूळपुरुष वेस ओलांडून परगावी गेला, तिथल्या लोकांनी त्याला लिंडनर म्हटलं. आमच्या पिंपळगावातसुद्धा औषधाला पिंपळगावकर सापडायचा नाही. आडनाव म्हणजे निघाल्याची खूण रे."

केवढी गोष्ट ही! कोण कुठला माणूस किती पिढ्यांमागे बोचकं उचलून वेशीबाहेर पडला, आणि ते त्याचं निघणं अजून ह्या म्हाताऱ्याच्या दारावरच्या पाटीवर आहे. आमची हीसुद्धा पोळी लाटायची थांबली.

वॉल्टरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमच्या पिंपळगावात पिंपळगावकर नाहीत, हे तुला कधीपासून माहीत आहे?"