लाईन गेली की हेबी बंद

कुठल्याही दुकानात दोन गोष्टी साचत जातात. एक न खपलेला माल आणि दुसरी गिऱ्हाइकांची बोलणी. आमच्याकडं दुसरीच जास्त साचली आहेत. बिदरला नौबादमध्ये आमचं सोलरचं दुकान आहे. आहे म्हणायचं, कारण बोर्ड अजून खाली उतरवलेला नाही. ओळखीचे लोक विचारतात, "सुजाता, सोलरचं कसं काय चाललंय?" मी सांगते, "सोलरचं काही खरं नाही, पण किस्से जोरात आहेत. नेता का एखादा? फिटिंग फ्री!"

दुकानात आम्ही तिघं. मालक वैजनाथ अण्णा, मूळचे कलबुर्गीकडच्या आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचे. वायरमन मकबूलभाई, ज्यांचं अर्धं आयुष्य लोकांच्या छतावर गेलं. आणि मी. अर्ज भरणं, फोन घेणं आणि शिव्या ऐकणं ही माझी कामं. तिसरं काम सगळ्यात जास्त असतं.

अण्णांना धंद्यात एकच रोग आहे, आणि त्याला औषध नाही. अण्णा गिऱ्हाइकाशी खरं बोलतात.

* * *

दुकानाचं उद्घाटन झालं, पेढे वाटले, आणि थोड्याच दिवसांत सरकारनं घरगुती करंट ठरावीक युनिटपर्यंत फुकट केलं. म्हणजे आम्ही पाणपोईला खेटून पाण्याच्या बाटल्या विकायला बसल्यासारखं झालं!

त्याच आठवड्यात खांद्यावर पंचा टाकलेले एक काका आले. खुर्चीत बसले, पॅनलकडं बघितलं आणि अण्णांची उलटतपासणी सुरू केली.

"हे कशावर चालतंय?"

"उन्हावर."

"ऊन फुकट हाय का?"

"फुकट हाय."

"करंटबी फुकट हाय का आता?"

"व्हय, हाय."

"मग तुम्ही पैसे कशाचे घ्यायलात?"

आता अण्णा काहीतरी जोरदार बोलतील असं वाटलं. अण्णांनी विचार केला आणि विचारलं, "तुमचं बिल किती येतंय?"

"येतच न्हाई."

"मग तुम्हाला सोलर लागतच न्हाई. उगं बसवू नका."

काका इतके खूष झाले की चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले दोन दोस्त पाठवले, "खरं बोलणारा माणूस हाय, जाऊन विचारा" म्हणून. अण्णांनी त्या दोघांनाही सोलर लागत नाही हे समजावून सांगितलं. चहा पुन्हा आमचाच.

* * *

पॅनलचं तोंड दक्षिणेला करावं लागतं. ऊन तिकडून जास्त वेळ मिळतं, एवढीच त्यातली गोष्ट. पण बसवकल्याणच्या एका किराणा व्यापाऱ्याला आम्ही हे सांगितलं, तर ते उठूनच उभे राहिले.

"दक्षिणेला? यमाची दिशा हाय ती! माझ्या घराचं तोंड यमाकडं करायलात?"

"घराचं न्हाई सेठ, पॅनलचं."

"पॅनल घरावरच बसणार न्हवं?"

शेवटी पूर्वेला तोंड करून बसवलं. सकाळी मशीन एकदम जोरात, आणि दुपार झाली की आकडा घसरायचा. सेठजींचा फोन रोज ठरलेला. "तुमचा माल डुप्लिकेट हाय, दुपारी दमतंय!"

एक दिवस मकबूलभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "सेठ, माल अच्छा है. सूरज कू समजाव, शाम तक उदरीच ठैर बोलको!"

सेठजींनी फोन ठेवला. त्यांच्या गल्लीतून पुन्हा एकही गिऱ्हाईक आलं नाही.

* * *

मला वाटलं, आपली माणसं तरी शहाणी निघतील. माझं आजोळ मुडबीचं. मामाला सांगितलं तर मामा छाती काढून म्हणाला, "आपण धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. दिशाबिशा आपण मानत न्हाई. बसव दक्षिणेला!" मला इतका अभिमान वाटला की दुकानात सगळ्यांना सांगत सुटले.

बसवून महिना झाला. मोबाईलवरच्या ॲपमध्ये बघते तर मामाच्या घरचं सोलर काही करंटच तयार करत नव्हतं. मकबूलभाईंना घेऊन मुडबीला गेले. छतावर चढलो. पॅनलवर निळी ताडपत्री घातलेली, चारी कोपरे सुतळीनं घट्ट बांधलेले!

"मामा, हे काय?"

"अगं, ऊन किती कडक हाय! नवी वस्तू, रंग उडून जाईल."

"मामा, ते उन्हासाठीच असतंय!"

"ते मला कळतंय की. पाव्हणे आले की काढतो."

परत येताना मकबूलभाई गाडीत इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. आमच्या घरात नवी खुर्ची आली तर तिचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही. एवढ्या वर्षांत नवं काही आलंच किती, की ते वापरायची सवय लागावी?

* * *

एक छोटा किस्सा सांगते. नौबादच्याच एका अक्कांनी पॅनलवर सांडगे वाळत घातले. छताची जागा पॅनलनं खाल्ली, मग अक्कांनी वाळवण घालायचं कुठं? अण्णा सांगायला गेले, "अक्का, सांडग्याची सावली पडली की करंट कमी होतंय."

अक्का म्हणाल्या, "तुमचं करंट मला दिसत तरी हाय का? सांडगे ताटात दिसतेत!"

अण्णा पिशवीभर सांडगे घेऊन परत आले.

* * *

आता ते वाक्य, ज्यानं आमच्या दुकानाची वाट लावली.

घरावरच्या सोलरचे दोन प्रकार. एक बॅटरीचं, ते महाग. त्याची किंमत सांगितली की गिऱ्हाईक चपला शोधायला लागतं. दुसरं सरकारी लाईनला जोडलेलं. त्याला सबसिडी मिळते, म्हणून सगळ्यांना तेच पाहिजे असतं. पण त्यात एक गोम आहे. लाईन गेली की ते आपोआप बंद पडतं. बाहेर कितीही ऊन असू द्या, वर पॅनल कितीही चमकू द्या, खाली पंखा फिरत नाही. आणि आमच्याकडं लाईन कधी जाते? बरोबर, ऐन उन्हात!

बाकीचे दुकानदार ही गोष्ट सबसिडी जमा झाल्यावर सांगतात. समोरच्या दुकानावर तर 'चोवीस तास करंट' असा बोर्डच लावलेला. आमचे अण्णा मात्र मी सहीसाठी पेन काढलं की हात वर करून म्हणणार, "एक गोष्ट ऐकून घ्या. लाईन गेली की हेबी बंद."

पेन परत माझ्या खिशात यायचं. मकबूलभाई कपाळाला हात लावायचे. "अण्णा, ये बात बाद में बोलो ना! सच्ची बात कू इत्ती जल्दी कायकू?"

एका रिटायर हेडमास्तरांनी मात्र ते वाक्य शांतपणे ऐकलं आणि सही केली. अण्णांना वाटलं, समजणारा माणूस भेटला. पहिल्यांदा लाईन गेली तशी सरांचा फोन आला.

"ऊन हाय, पॅनल हाय, मग फॅन कामून न्हाई?"

"सर, मी सांगितलं होतं की."

"सांगितलं होतं, पण कामून?"

अण्णांनी समजावलं, "लाईन बंद करून लायनमन खांबावर चढलेला असतोय. तुमच्या घरचं करंट उलटं तारेत गेलं तर तो बिचारा वरच मरल."

सर म्हणाले, "अन् हितं आम्ही मरायलो, त्याचं काय?"



* * *

हे सगळं अण्णा पचवायचे. एक प्रश्न मात्र त्यांना पचत नव्हता. "तुमच्या स्वतःच्या घरावर हाय का?"

नौबादला अण्णा भाड्यानं राहतात आणि घरमालक छतावर खिळासुद्धा ठोकू देत नाही. स्वतःचं घर म्हणजे निंबर्ग्याचं, आणि तिथं अप्पा, म्हणजे अण्णांचे वडील. दर सणाला अण्णा गावाकडं जाताना सांगून जायचे, "या खेपेला अप्पांना पटवतोच." परत आले की तोंडावरून कळायचं.

अप्पांचा प्रश्न एकच. "करंट गेल्यावर चालतंय का?"

"न्हाई अप्पा. लाईन गेली की..."

"हेबी बंद. ऐकलंय. मग करंट असताना ते कशाला पायजे?"

खरं सांगू? अण्णांना जिल्हाभर सोलर बसवायचं नव्हतंच. अप्पांनी एकदा आपल्या छताकडं बघून 'बरं हाय' म्हणावं, एवढ्यासाठी त्या माणसानं दुकान ओढत आणलं होतं. हे मी आणि मकबूलभाई जाणून होतो, पण त्यांच्यापुढं कधी बोललो नाही.

मग एकदा असं झालं. आळंदकडचं एक गिऱ्हाईक आम्हाला न सांगता थेट निंबर्ग्याला गेलं, अण्णांच्या घरावर सोलर आहे का ते बघायला. अप्पा ओट्यावर बसलेले. तो माणूस रस्त्यात उभा राहिला, रिकाम्या छताकडं बघितलं आणि सोबतच्याला म्हणाला, "पोराचा माल बापच घेत न्हाई, आपण कशाला घ्यायचं?" आणि गाडीला किक मारून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना फोन आला. "ये अन् बसव."

अण्णांनी विचारलं, "अप्पा, पटलं का मग?"

"पटलं-बिटलं काय न्हाई. बसव म्हणलं की बसव!"

थंडीचे दिवस होते. मकबूलभाईंनी ते काम इतकं मन लावून केलं की एकही वायर बाहेर दिसत नव्हती. खाली उतरल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "बरं हाय न्हवं, अप्पा?"

अप्पा म्हणाले, "उन्हाळा जाऊ दे. मग सांगतो."

* * *

उन्हाळा लागला आणि निंबर्ग्याहून एक गंमत कानावर आली. दुपारी लाईन जायची, गावकरी ओट्यासमोरून जाताना अप्पांना विचारायचे, "अप्पा, तुमचा फॅनबी बंद? सोलर हाय न्हवं?"

अप्पा पंच्यानं वारा घेत सांगायचे, "आज ऊन कमी हाय."

कलबुर्गीच्या उन्हाळ्यात! जिथं दुपारी कोंबडीसुद्धा अंगणात पाय ठेवत नाही!

अण्णांना भयंकर लाज वाटली. आयुष्यभर खरं बोलून धंदा बुडवला, आणि घरातच हे चाललेलं! आम्हाला घेऊन गावाला गेले ते थेट अप्पांपुढं उभे राहिले.

"अप्पा, खोटं कामून सांगायलात? लाईन गेली की हेबी बंद, असं सरळ सांगा की!"

अप्पा म्हणाले, "तुझं खरं ऐकून किती जणांनी घेतलं?"

अण्णा ओट्यावर टेकले.

"मी तसं सांगितलं तर लोक म्हणतील, वैजानं बापाला फसवलं. ऊन कमी हाय म्हणलं तर दोष कुणाचा? सूर्याचा. त्याला काय फरक पडतोय?"

"पण अप्पा, भर वैशाखात! लोक हसतील."

"कोण वर बघतंय? डोळे दिपतेत."

मकबूलभाई मला हळूच म्हणाले, "सुजाता, अपनी दुकान में अप्पा कू बिठाना था." अप्पांचं 'बरं हाय' अण्णांना अजून मिळालेलंच नव्हतं.

* * *

तो उन्हाळा अप्पांनी पुरा बघितला नाही. पहाटे चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले.

दुकान बंद करून मी आणि मकबूलभाई निंबर्ग्याला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. अण्णांची धाकटी बहीण कमल पुण्याहून निघाली होती. तिचा एकच निरोप होता, "मी आल्याशिवाय अप्पांना हलवू नका. मला तोंड बघू द्या." म्हणून आळंदहून फ्रीझरची पेटी आणली होती. अप्पांना त्या पेटीत ठेवलं होतं. काचेतून चेहरा दिसत होता, झोपल्यासारखा. पेटीची वायर ओसरीतल्या प्लगला लावलेली होती आणि मोटार बारीक घरघरत होती.

कमल सोलापूरच्या पुढं आल्याचा फोन आला. थोड्या वेळानं घरघर थांबली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी बटण खालीवर करून बघितलं. लाईन गेली होती. लायनमनला फोन लावला तर तो म्हणाला, मागं मोठा फॉल्ट आहे, वेळ लागेल. गावातला एकुलता जनरेटर दुरुस्तीला गेलेला. एक जण मोटारसायकल काढून आळंदला बर्फ आणायला पळाला. बायका पदरानं काचेवर वारा घालायला लागल्या. काचेला आतून घाम धरायला लागला.

तेवढ्यात अण्णांचे चुलते उठून उभे राहिले.

"वैजा, वर एवढं सोलर हाय की! लाव त्याच्यावर."

सगळं अंगण अण्णांकडं बघायला लागलं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मकबूलभाई पुढं झाले, "काका, वो क्या है, लाईन गयी तो..."

अण्णांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. मकबूलभाई थांबले.

अण्णा ओसरीतून खाली अंगणात उतरले, अनवाणीच. फरशी इतकी तापलेली होती की ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. छतावरचे पॅनल असे चकाकत होते की तिकडं बघवत नव्हतं. अण्णांनी मान वर करून तिकडंच बघितलं, बराच वेळ, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग चुलत्यांकडं वळून म्हणाले, "आज ऊन कमी हाय, काका."

कुणीच वर बघितलं नाही.