बैठकनानांचा पाण्यावरचा दरबार

बैठकनानांना बसलेलं पाहिलेला माणूस ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर शहरात शोधून सापडला नसता. ते माझे सासरे. तिथल्या दरबारात कोणत्या मानकऱ्याला कुठे बसवायचं, हे पाहण्याचं काम त्यांच्याकडे होतं. दरबार भरला की सगळे बसत आणि नाना उभे राहत. ही सवय इतकी मुरली की नोकरी संपल्यावरही ते घरात खांबाला टेकून उभेच. चहा उभ्याने, पोथी उभ्याने. "नाना, बसा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसवणाऱ्याला जागा नसते, सूनबाई."

नई सडकेवर कापड घ्यायला गेले तरी आधी दुकानातल्या गिऱ्हाइकांना नीट रांगेने बसवत आणि मग भाव विचारत. "माणूस आपल्या जागी बसला की निम्मा शहाणा होतो," असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या निम्म्याचं काय, असं मी एकदा विचारलं. "तो लग्न झाल्यावर होतो. सगळेच होतात असं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

हा नवरा मोंबासाला एका पेढीत होता. लग्नानंतर मला तिथे पोचवायला नाना आले. ते परत निघायच्या आत लढाई पेटली आणि आगबोटी सैन्याकडे गेल्या. बायकामाणसांनी देशी परतलेलं बरं, असं ठरलं. शेवटी आम्हा दोघांना कच्छातल्या मांडवीला निघालेल्या एका लहानशा शिडाच्या गलबतावर जागा मिळाली. मी यादी करून सामान बांधलं: मेतकूट, लिंबाचं लोणचं, सुंठ, कापूर, सुईदोरा, जादा दोरी. नानांच्या यादीत एकच वस्तू होती, दरबारी पगडी.

"समुद्रावर कोण बघणार आहे, नाना?"

"समुद्र बघेल."

गलबत आमच्या ओसरीपेक्षा फार मोठं नव्हतं. मालक म्हणजे म्हातारा कच्छी नाखवा, हाताखाली चार खलाशी. आमच्याखेरीज उतारू चार: एक लठ्ठ भाटिया शेठ, त्याच्याहून भरलेली शेठाणी, रत्नागिरीकडचे एक किडकिडीत मास्तर आणि एक शिंपी. पाऊल ठेवताच नानांनी विचारलं, "नाखवाजी, सदर किधर है?"

"पीछे सुकान, आगे समंदर," नाखवा म्हणाला. "बीच में जहाँ टाँग मुड़े, बैठ जाओ."

घरात चोरी झाल्यावर होतो तसा नानांचा चेहरा झाला. दुपारपर्यंत त्यांनी सगळ्यांच्या जागा लावल्या. डोलकाठीच्या उजवीकडे शेठ-शेठाणी, डावीकडे मास्तर, त्यांच्यामागे शिंपी आणि मी. मास्तर हटून बसले. विद्येचा मान उजवीकडचा, असं त्यांचं म्हणणं.

"विद्या मोठीच," नाना हळूच म्हणाले. "पण शेठजींकडे मोहनथाळाचा डबा आहे. ते डावीकडे गेले तर तो उघडायचा नाही."

मास्तर डावीकडे गेले.

एरवी नानांच्या शिस्तीने आमचे दिवस सोपे केले, हे मान्य केलं पाहिजे. पिंपातलं गोडं पाणी माणशी मोजकंच मिळे. कोणी आधी लोटा पुढे करायचा हे ठरलेलं असल्यामुळे धक्काबुक्की नव्हती. स्वयंपाक वाळूच्या पेटीतल्या चुलीवर, तिथेही पाळी. गलबताच्या मागे बाहेर लटकवलेला एक लाकडी पिंजरा होता, तेच शौचकूप. सकाळी नाना त्याच्याकडे पाठ करून पहारा देत आणि पुढच्याला थोपवत, "जरा सबर करा, आत खाशी स्वारी आहे." सगळ्यांना बोट लागली. मी तर पहिले काही दिवस सुंठ चघळूनच काढले. नानांना मात्र काही झालं नाही.

एक दिवस वारा फिरला. वारा फिरला की शीड फिरवतात आणि सगळ्या माणसांनी वाऱ्याच्या बाजूला सरकायचं असतं, नाहीतर हलकं गलबत कलंडतं. नाखवा ओरडला, "सब उस तरफ!" आम्ही सरकलो. शेठ हलले नाहीत. "ये जगह नाना ने दी है," ते म्हणाले. गलबत त्यांच्या अंगावर झुकलं, काठावरून पाणी आत आलं आणि उकळत्या डाळीसकट चूल समुद्रात गेली.

गलबत सावरल्यावर नाखवा शांतपणे म्हणाला, "नाना, आपके दरबार ने आज मेरी दाल डुबोई. कल हम सबको डुबोएगा."

नानांनी पगडी काढून ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सगळा जन्म ज्या विद्येत गेला, तीच विद्या माणसं बुडवू शकते, हे त्यांना प्रथमच कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते सुकाणूजवळ जाऊन उभे राहिले आणि नाखव्याला एकेक विचारत राहिले. संध्याकाळी पगडी पुन्हा डोक्यावर आली.

"आजपासून या दरबारात गादी वाऱ्याची," त्यांनी जाहीर केलं. "वारा ज्या बाजूने येईल, ती मानाची. आणि मान वजनाप्रमाणे."

शेठ खूष झाले. त्यांच्या पोटाला असा हुद्दा आजवर कोणी दिला नव्हता.

"म्हणजे मी शेवटचा?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, जरा जेवत चला."

मांडवी जवळ येत असताना भर दुपारी वावटळ आली. आकाश काळं झालं, शीड फडफडलं आणि आम्ही सगळे एकदम उठलो. सगळे एकदम एकीकडे धावले असते तर तिथेच संपलं होतं. नानांनी डोलकाठीला मिठी मारली आणि खणखणीत दरबारी आवाज लावला, "कोणी हलायचं नाही! शेठाणीसाहिबा, तशरीफ लाइए. शेठजी महाराज, पधारिए, आहिस्ता. दर्जीमियाँ, आप इनके पीछे. सौभाग्यवती सूनबाई, शेठाणींच्या शेजारी. विद्वद्वर्य मास्तर, आपण मधोमध."

लाटा अंगावर येत होत्या आणि हे एकही उपाधी गाळत नव्हते. मला संताप आला होता. पण त्या उपाध्यांना लागणाऱ्या वेळातच एकेक माणूस जागेवर पोचत होता आणि मगच पुढचा उठत होता. खलाशांनी शीड उतरवलं. वावटळ गेली. आम्ही होतो तिथेच होतो, चिंब.

नाखव्याने सुकाणू खलाशाच्या हाती दिलं आणि आपल्या जागेवरून उठला. "नाना, अब आप बैठिए. यही सदर है."

नानांनी सगळीकडे नजर फिरवली. बसायचं कोणी राहिलं नव्हतं. मग ते पगडी सावरत बसले, आणि दुसऱ्याच क्षणी काठावरून वाकून भडाभडा ओकले. सगळ्या प्रवासात पहिल्यांदा.

तोंड पुसून म्हणाले, "म्हणून सांगत होतो. उभ्याला समुद्र लागत नाही."

आमच्या घरच्या पंगतींच्या याद्या आज मी करते. कोण कोणाशेजारी बसणार, कोणाला कोणापासून लांब ठेवायचं, सगळं आधी ठरलेलं असतं. लोक मला शिस्तीची म्हणतात. शिस्त माझी नाही, नानांची आहे.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. त्यांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठी पडली. "उभे का सगळे? दरबार बरखास्त झाला काय?" बोटाने एकेकाला जागा दाखवली. थोरले दीर डोक्याशी, जाऊबाई पायाशी, मोंबासाहून परतलेला माझा नवरा आणि मी डाव्या अंगाला. सगळे बसलो. नानांनी पुन्हा एकदा नजर फिरवली.

"सूनबाई, तू उजवीकडे ये," ते म्हणाले. "डावीकडे भार झालाय."

मी उठले आणि उजवीकडे जाऊन बसले. आता कोणी उभं नाही, हे पाहून त्यांनी डोळे मिटले.