दोनशे नव्याण्णव

टॉलिव्हर मिलर्स या गावच्या बेसबॉल संघातला आजवरचा सगळ्यांत उगाच डोक्यावर घेतलेला खेळाडू कोण, असं विचारलं की ऑर्विल स्टेन्सरुड आधी हातातला काटा खाली ठेवायचा, ओठ पुसायचा आणि म्हणायचा, "ड्वेन हॅलाडा. सरासरी दोनशे नव्याण्णव." मग पुन्हा अंड्यांकडे वळायचा. चाळीस वर्षं त्याचं उत्तर हेच होतं.

दर शनिवारी सकाळी मार्लिसच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर मिलर्सचे म्हातारे चाहते बसत. नुसत्या कौतुकानं त्यांना कॉफी गोड लागत नसे, म्हणून ते आपल्याच खेळाडूंची पिसं काढत. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मत घेऊन एक 'फुगा' ठरायचा, म्हणजे हवा जास्त आणि खेळ कमी असा गडी. मार्लिस त्याचं नाव पिवळ्या फुग्यावर लिहून गल्ल्यावर टांगायची. सुरकुतून खाली येईपर्यंत तो तिथंच लोंबायचा. आयोवातल्या त्या गावात दुसरी करमणूक तरी काय होती?

ऑर्विल गावच्या धान्य कोठारात वजनकाट्यावर होता. मका आणणारा एकही शेतकरी त्याच्या काट्यावर कधी शंका घेत नसे. असा सरळ माणूस ड्वेनचं नाव निघालं की मात्र आतून जळायचा, आणि त्याला कारण होतं. मिलर्समध्ये सेकंड बेसवर खेळायची, तिथं येणारे चेंडू अडवायची जागा आधी त्याची होती. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला आणि त्या जागेवर बाविशीचा ड्वेन उभा राहिला. ऑर्विलला जाळीमागची, हिट की चूक ते ठरवून वहीत लिहिणाऱ्या स्कोअररची खुर्ची मिळाली. पुढं ड्वेननं त्याच्या घरासमोरच घर घेतलं. ड्वेनच्या डोक्यावर अजून दाट केस होते. ड्वेनचे टोमॅटो जुलैतच लाल व्हायचे, ऑर्विलचे पंधरा दिवस मागून. भांडी घासताना खिडकीतून ते दिसायचे आणि त्याची बायको लव्हॉन म्हणायची, "काय बाई हात आहे त्या ड्वेनचा!" मग ऑर्विल त्या दिवशी टोमॅटो खात नसे.

ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानामुळे ड्वेनला शनिवारची सवड नसायची. या वर्षी दुकान मुलीकडे सोपवून तो मोकळा झाला, आणि नेमका फुग्याच्या दिवशीच दारात उभा राहिला.

"सरका रे, म्हाताऱ्यांनो," म्हणत तो ऑर्विलच्या समोरच बसला.

वाद रंगात आला होता. क्लेटन नावाचा निवृत्त पोस्टमन सध्याच्या शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळणाऱ्या पोरावर घसरला होता. "साधा चेंडूसुद्धा लोळून पकडतो लेकाचा! कपडे मळले की लोकांना वाटतं, काय मेहनत!"

"त्याची आई धूत असेल कपडे. तुझ्या का पोटात दुखतंय?" कॉफी ओतत मार्लिस म्हणाली. "आणि फुगा कोण ते लवकर ठरवा. मला केक भाजायचेत."

"ऑर्विलला विचारायलाच नको," क्लेटन डोळा मारत म्हणाला. "पण आज फुगाच समोर बसलाय."

सगळे हसले. ड्वेन सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि ऑर्विलला तेही आवडलं नाही.

मग क्लेटननं मुद्द्याला हात घातला. मैदानाच्या कुंपणावर जुन्या खेळाडूंची नावं रंगवायची ठरली होती, पण अट एकच होती, निदान एका हंगामात तीनशेची सरासरी हवी, म्हणजे हजार पाळ्यांमागं तीनशे हिट, तीनशेदा स्वतःच्या फटक्यानं बेस गाठलेला. "एका हिटसाठी ड्वेनचं नाव जातंय. शेवटच्या मॅचचा शेवटचा चेंडू. ती तू हिट न धरता समोरच्याची एरर लिहिलीस, ऑर्विल. जरा वही बघूया म्हटलं."

क्लेटननं आधीच निरोप धाडला होता, म्हणून स्कोअरची जुनी वही ऑर्विलनं आणली होती. नाही आणली असती तर संशय आला असता. त्या पानावर ड्वेनच्या नावापुढं 'इ-४' लिहिलेलं होतं. चार म्हणजे समोरच्या संघाचा सेकंड बेसवाला. त्याच्या गफलतीमुळे ड्वेन बेसवर पोचला, स्वतःच्या फटक्यानं नाही, असा त्याचा अर्थ.

"राहू दे रे क्लेटन," ड्वेन म्हणाला. "वरच्या संघाच्या मॅनेजरनं मला शब्द दिला होता, तीनशे कर, तुला वर घेतो. त्या दिवशी सगळे ऑर्विलला शिव्या घालत होते. मी म्हटलं, गप्प बसा. त्या जागेवर तो स्वतः खेळलाय. कुठला चेंडू अडायला हवा होता, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्याचा काटा कधी हलत नाही. इ-४ म्हणजे इ-४."

ऑर्विलनं कॉफीचा कप खाली ठेवला. सेकंड बेस यानं घेतला, टाळ्या यानं घेतल्या, आणि आता मोठेपणासुद्धा हाच घेऊन चालला होता. तोही ऑर्विलच्याच खोटेपणावर उभा राहून! हे मात्र त्याला सोसवेना.

"ती हिट होती," तो म्हणाला.

"बघा! ऑर्विल विरघळला!" क्लेटननं टेबलावर हात आपटला.

"नको रे," ड्वेन म्हणाला, "माझ्यासाठी खोटं कशाला बोलतोस?"

"तुझ्यासाठी? तुझ्यासाठी मी थुंकणारसुद्धा नाही!" ऑर्विलनं पान खिडकीच्या उजेडात धरलं. "हे बघ."

'इ-४'च्या खाली कागद पातळ झाला होता. रबरानं घासलेल्या जागेतून ऊन येत होतं आणि त्यात हिटची तिरकी रेघ अजून पुसट दिसत होती.

"आधी हिटच लिहिली होती मी. चेंडू असा सणसणत गेला की मलाही अडवता आला नसता. मग वर बघितलं. सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. लव्हॉन बाकावर चढून शिट्टी मारत होती, दोन बोटं तोंडात घालून. आमचं लग्न नुकतंच ठरलं होतं. माझ्यासाठी तिनं कधी शिट्टी मारली नव्हती." त्यानं वही टेबलावर ठेवली. "मी रबर घेतलं."

मार्लिसनं कॉफीचं भांडं टेबलावर टेकवलं. काट्यावरच्या माणसानंच काटा दाबला होता.

ड्वेननं वही घेतली. त्या पातळ जागेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा. त्याचे कान लाल झाले होते. आता हा उठून आपल्या थोबाडीत देणार, असं ऑर्विलला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"वर गेलो असतो मी," ड्वेन हळूच म्हणाला. "पुन्हा या गावात कशाला आलो असतो?"

त्यानं वही मिटली आणि ऑर्विलपुढं सरकवली.

"ती एक रेघ तशीच ठेवली असतीस ना, ऑर्विल, तर चाळीस वर्षं रोज खिडकीतून माझे टोमॅटो बघायची वेळ तुझ्यावर आली नसती."